हळू आवाजाचा शिफ्ट इन्चार्ज

प्रयोगशाळेतून मला उत्पादन विभागात शिफ्ट इन्चार्ज म्हणून पाठवलं, तेव्हा चार माणसांसमोर बोलायचीही सवय नव्हती. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला (एमआयडीसी), कुंभवलीजवळचा आमचा कारखाना औषधांचा कच्चा माल बनवतो. लॅबमध्ये टायट्रेशन करताना कुणाला हुकूम द्यावा लागत नाही. इथे हाताखाली ऑपरेटर, हेल्पर, कंत्राटी कामगार. कुणी पालघर-डहाणूचे, बरेचसे उत्तर प्रदेश-बिहारकडचे. कुणाशी कोणत्या भाषेत बोलायचं, हेही ठरेना.

पहिली परीक्षा टूलबॉक्स टॉकची. पाळी सुरू होताना सगळ्यांना गोळा करून त्या दिवसाचं काम आणि त्यातले धोके सांगायचे, एवढंच ते असतं. मी कागद वाचून दाखवला. ब्लोअरच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू गेलं नाही. "समजलं ना?" म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पांगता पांगता एकाने शेजाऱ्याला विचारलं, "आज कौनसा रिअ‍ॅक्टर धोना है?"

मग काही दिवस घसा ताणून पाहिला. मी उभा असेपर्यंत गॉगल डोळ्यांवर, पाठ फिरली की कपाळावर. शेवटी एक जुने ऑपरेटर बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ओरडायचं काम तुमचं नाही. राउंडला या, एकेकाशी बोला."

तसं केलं. प्रत्येकाजवळ थांबून एकच विचारायचं: कालच्यापेक्षा आज काय वेगळं वाटतंय? बहुतेक जण "सब ठीक" म्हणायचे. एक हेल्पर तर माझ्याहून अबोल. एका रात्रपाळीत त्याने न बोलता मला टोल्यूइनच्या पंपाकडे नेलं आणि बेअरिंगच्या कवचाला उलटा हात लावून दाखवला. मीही लावला, चटका बसला. स्टँडबाय पंप चालू केला, मेंटेनन्सला बोलावलं, वर्क परमिट काढून पंप उघडला. बेअरिंग झिजलेलं होतं. तसंच चाललं असतं तर शाफ्ट हलून सील गेलं असतं आणि पेट घेणारं सॉल्व्हंट फरशीवर आलं असतं. टूलबॉक्स टॉकमध्ये हा माणूस कधीच तोंड उघडणार नव्हता.

लॉगबुकात मी वेळ, पंप आणि त्या हेल्परचं नाव लिहिलं. सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरांनी ती नोंद वाचली आणि स्वतः जाऊन त्याची पाठ थोपटली. पुढच्या पाळ्यांत बाकीचेही बोलू लागले: व्हॉल्व्ह जड फिरतोय, कूलिंगचं ब्राइन नीट थंड होत नाही. मीटिंगमध्ये मला वाद घालता येत नाही, म्हणून मी तपमानाचे आकडे आदल्या संध्याकाळीच एका पानावर देऊ लागलो. हळूहळू दुरुस्तीच्या यादीत आमची कामं वर आली.

कामगारांना असं बोलतं करण्याला कायद्याचाही आधार आहे, हे मला सुरक्षा समितीत गेल्यावर कळलं. भोपाळच्या 1984 च्या वायुगळतीनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली समिती आली, आणि जिवाला धोका दिसला तर तो थेट कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. संशोधनाचाही आधार सापडला. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या पिझ्झा दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामगार स्वतःहून सुचवणारे असतील तिथे अबोल मॅनेजरची दुकानं जास्त नफ्यात होती. कामगार गप्प असतील तिथे बोलक्या मॅनेजरची. म्हणजे माणसं बोलती करणं हेच अबोल साहेबाचं मुख्य काम.

पण एका बाबतीत अबोलपणाला सूट नाही. मॉक ड्रिलमध्ये सायरन वाजला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माणसं चुकीच्या फाटकाकडे निघाली. तेव्हापासून दोनच वाक्यं पाठ आहेत: "वारा बघा, आडवे चला. असेंब्ली पॉइंटला थांबा." पाळीच्या आधी गोदामामागे मी ती मोठ्याने म्हणून घेतो.

तारापूर एमआयडीसीत माझ्यासारखे अबोल इन्चार्ज पुष्कळ असतील. त्यांना एवढीच विनंती: लॉगबुकावर सही करण्याआधी सगळ्यात नव्या हेल्परला विचारा, आज काय वेगळं दिसलं, आणि तो सांगेल ते त्याच्या नावानिशी लिहा.