चापेकरांचे आत्मवृत्त आणि शाळेतला धडा

चिंचवडच्या चापेकर बंधूंचे आख्यान शाळेत मी शिकलो ते तीन वाक्यांत : १८९७ चा प्लेग, रँडचा जुलूम, फाशी. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला, हे त्यात नव्हते. दामोदर हरी चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त तर शालेय कथनाबाहेरच राहते. त्यातला निवेदक इंग्रजांबरोबर समाजसुधारकांचाही द्वेष करतो, हे त्याचे कारण असावे.

पदव्युत्तर वर्गात मी ही संहिता वाचायला देतो. विद्यार्थी बहुतेक पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या कामगारांची मुले. काही पुढे शाळेत शिकवतील. एकीने विचारले, "सर, फुले वाचणाऱ्या मुलीने या निवेदकाला हुतात्मा कसे म्हणायचे?" हा प्रश्न मी मिटवत नाही. घरझडतीचा अपमान खरा, तसा सनातनी आवेशही खरा. एकाच्या सोयीसाठी दुसरा पुसला की उरते ते चरित्र नव्हे, आरती. शाळकरी मुलांना हे पेलणार नाही, असे म्हणतात. (मुलांना, की आपल्याला?) चापेकर चौकातल्या शिल्पाजवळून रोज शाळेत जाणाऱ्या मुलासाठी निदान दोन उतारे, एक प्लेगविषयीचा, एक सुधारकांविषयीचा, शेजारी-शेजारी छापता येतील.