जुलमी माशीमार आणि मी

पक्षी बघायचा नाद मला पन्नाशीत लागला आणि लागला तोच उलट्या बाजूने. कापडबाजारात रद्दीवाल्याकडे दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक किलोच्या भावात मिळालं. त्यात माशीमारांचं एक अफाट घराणं होतं. जाती चारशेहून जास्त, त्यातल्या कित्येक ॲमेझॉनकाठच्या, पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या जंगलात राहणाऱ्या. इंग्रजी नावाचं भाषांतर मी ‘जुलमी माशीमार’ असं केलं आणि महिनाभर चित्रं पाठ केली. मग गल्लीतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांना विचारलं, यातला आपल्या नगरला कोणता दिसेल? मास्तर बशीतला चहा फुंकत म्हणाले, “एकही नाही. हे घराणं अमेरिका सोडून कुठंच नाही.”

पण मास्तर दयाळू. म्हणाले, आपल्याकडेही माशीमार म्हणतात असा एक आहे, स्वर्गीय नर्तक. आपला जिल्हा माळढोकाचा आणि काळविटांचा, म्हणजे उघड्या माळाचा. या नर्तकाला मात्र गर्द सावली आणि ओल लागते. म्हणून फेब्रुवारीतल्या एका पहाटे त्यांच्या स्कूटरवर मागे बसून डोंगरगणच्या दरीत गेलो. मी लाल टोपी घातली होती. उतरल्या उतरल्या मास्तरांनी ती काढून माझ्याच खिशात कोंबली.

दुर्बिणीवर 8 बाय 42 लिहिलेलं. 8 म्हणजे वस्तू आठपट जवळ, 42 म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. एवढं कळलं, पण डोळ्याला लावली तर काळोख आणि त्यात गवतासारखं काहीतरी हलतंय. त्या माझ्याच पापण्या होत्या. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडच्या रबरी वाट्या दुमडून घ्यायच्या असतात म्हणे. आणि पक्षी दुर्बिणीतून शोधायचाच नाही. नुसत्या डोळ्यांनी बघायचा आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. मी नजर न हलवता दुर्बीण कपाळावर आपटली.

तासाभरात दिसला तो एक तांबूस पक्षी, काळं डोकं, वर तुरा. “बुलबुल,” मी तोऱ्यात म्हणालो आणि पाठ फिरवली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. ती नर्तकाची मादी असावी, नाहीतर कोवळा नर. नराला लांब शेपटी यायला दोन-तीन वर्षं लागतात.

शेळ्या घेऊन एक आजी आल्या. “काय हुडकताय?” मी पक्ष्याचं वर्णन सुरू केलं. त्यांनी मध्येच तोडलं, “पांढऱ्या रिबिनीवालं? ते काय तुमच्या मागं.”

वळलो. वडाच्या खालच्या फांदीवर, सात-आठ हातांवर. अंग दुधासारखं, डोकं काळं कुळकुळीत, डोळ्याभोवती निळी कड, आणि अंगापेक्षा लांब दोन पिसं वाऱ्यावर सुटलेली. तो झेपावला, चोचीचा टक् असा बारीक आवाज झाला, माशी गेली. तो फांदीवर परतला तरी शेपटी अजून वाटेतच होती. मग त्याने तोंड उघडलं आणि जुनं बिजागर करकरावं तसा खरखरीत ओरडला. शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला दिलेल्या ग्रीक नावात रमवणारा आवाज असा काहीसा अर्थ आहे! दुर्बीण गळ्यात तशीच लटकत होती.

परतताना मास्तरांनी शेवटचा बॉम्ब टाकला. हा खरा माशीमारच नव्हे. आता त्याला कोतवाल-कावळ्यांच्या गोतात धरतात. गंमत म्हणजे 1758 साली लिनीयसने त्याचं पहिलं बारसं केलं तेही कावळ्याच्या कुळात घालूनच.

घरी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, “पहाटे चारला उठून कावळाच बघायचा होता, तर गॅलरीत शिळी पोळी टाकली असती की.”