चिंचेचं गाव कुठलं?

परवा शनिवारी आमच्या वाड्याची मीटिंग झाली. विषय एकच, रिडेव्हलपमेंट. बिल्डरच्या माणसाने प्लॅन उलगडला आणि पार्किंगच्या रॅम्पवर बोट ठेवून म्हणाला, "हे चिंचेचं झाड तेवढं मधे येतंय. परवानगीचं आम्ही बघतो."

झालं! सदाशिव पेठ जागी झाली :) समोरचे काका तावातावाने उठले. "गुलमोहर असता तर गोष्ट वेगळी, तो मादागास्करचा. चिंच अस्सल देशी! शास्त्रीय नावच आहे, टॅमॅरिंडस इंडिका." काका विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. बिल्डरचा माणूस चपापला.

मी गप्प. कारण आदल्या रात्री ऑनसाईटच्या कॉलची वाट बघत मी नेमकं हेच वाचत बसलो होतो. चिंच मूळची आफ्रिकेतली. भारतात ती काही हजार वर्षांपूर्वीच आली आणि मस्त रुजली. अरबांना ती मिळायची हिंदुस्थानातून, आणि तिचा गोळा दिसतो खजुरासारखा, म्हणून ते म्हणायला लागले 'तम्र हिंदी', हिंदुस्थानी खजूर. त्याचं युरोपात 'टॅमॅरिंड' झालं. १७५३ साली लिनियसने त्याला 'टॅमॅरिंडस' केलं आणि वर 'इंडिका' जोडलं. म्हणजे हिंदुस्थानी खजूर, हिंदुस्थानातला! आपण 'एटीएम मशीन' म्हणतो ना, तसंच.

बरं, चूक कळल्यावर बदलायचं ना? तर नाही. रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव केवळ अर्थाने चुकलंय म्हणून रद्द होत नाही, असा वनस्पतिशास्त्राचा नियम आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये 'टेम्प' नावाचं एक व्हेरिएबल आहे, वय वर्षं अकरा. त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. आणि पेरूगेटापाशी तरी आता पेरूची बाग कुठे आहे?

असो. तर बोलावं का? बोललो असतो तर काका गप्प झाले असते, आणि झाडाच्या बाजूने तेवढा एकच माणूस बोलत होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आजी माझ्याकडेच बघत होती. लग्न होऊन आल्यापासून आमटीतली चिंच तिने कधी विकत आणलेली नाही. मी तोंड उघडलंच नाही.

रॅम्प दुसरीकडून नेता येतो का, ते आता बिल्डर बघणार आहे. रात्री आजीला सगळं सांगितलं. ती चिंचोके काढत बसली होती.

"असेल बाबा आफ्रिकेतली," ती म्हणाली. "पुढची मीटिंग होईस्तोवर काकांना सांगू नकोस."