काळोखाची किंमत

पुतण्यास खेळासाठीं रुंद ओलेड पडदा हवा होता. पोर दार लावून अंधारांत एकटें बसेल, ही माझी भीति. गंगाखेडच्या आमच्या घरीं तीन दिवस खल चालला. दोन्ही पडदे 34 इंची, 3440 × 1440 ठिपक्यांचे. दोहोंतही प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो व विझतो. म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. तेंच चित्र फार वेळ ठेवल्यास डाग राहण्याचा धोकाही दोहोंस आहे. परंतु क्यूडी-ओलेडचे रंग अधिक खुलतात, तरी भर उजेडांत त्याचा काळा रंग करडा पडतो. डब्ल्यू-ओलेडचा तितका पडत नाहीं.

"मग दुसराच घेऊं, काका. मला ओसरीवरच बसायचें आहे, सगळ्यांत," पुतण्या म्हणाला.

माझी भीति व्यर्थ होती, हें कबूल केलें पाहिजे.