संदूक

माळवदाच्या घरात फर्निचर म्हणावं असं फारसं काही नसायचंच. ठेवायचं ते भिंतीच्या पोटात. दिव्याला दिवळी, किडूकमिडकाला कोनाडा, लोणच्याच्या बरण्यांना फडताळ. भिंतीच दोन-दोन हात रुंद, मग लाकडाची कपाटं हवीत कशाला? जमिनीवर एक बाज, स्वयंपाकघरात उतरंड आणि ऐपत असली तर माजघरात एक संदूक.

आमची संदूक आजीबरोबर आली. अंबाजोगाईला तेव्हा कागदोपत्री मोमिनाबाद म्हणत, राज्य निजामाचं होतं. सागाच्या जाड फळ्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, कोयंडा तर वाड्याच्या दाराला शोभावा असा. आत उजव्या हाताला एक फळी दाबून सरकवली की चोरकप्पा उघडे. घरात तो सगळ्यांना माहीत होता. चोर तेवढे कधी आले नाहीत.

चोरकप्प्यात जमिनीचे कागद असत, सगळे उर्दूत. ते वाचता येणारे घरात एकटे आजोबा, कारण त्यांची शाळाच उर्दू. कागदांखाली हाली सिक्क्याचे काही रुपये. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आजी शेवटपर्यंत तोंडी करायची. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आलं, तरी हाली चलन पुढं १९५९ पर्यंत टिकलं. आजीच्या डोक्यात ते त्याहून कितीतरी जास्त.

बहात्तरच्या दुष्काळात मी नुकता शाळेत जाऊ लागलो होतो. गावाबाहेर खडी फोडायचं काम, शाळेत सुकडी आणि घरी मिलोच्या लालसर भाकरी. त्या वर्षी संदुकीला कुलूप आलं. आत गुळाची ढेप आहे अशी आम्हा पोरांची खात्री होती आणि झाकणाच्या फटीला नाक लावून ती पटवूनही घेता येत असे. आजी नुसती हाकलायची. काय आहे ते सांगायची नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे भिंतीला चीर गेली, पांढरी माती अंगावर सांडली, माणसं वाचली. पण माळवदाखाली निजायचं धाडस कुणाला होईना. ज्या जाड भिंतींचा उन्हाळ्यात आधार वाटायचा, त्यांचीच भीती बसली. हळूहळू आळीतली माळवदं उतरली. खांब, तुळया, कड्या विकल्या गेल्या. जुना साग घ्यायला व्यापारी दारात उभेच होते. आमचंही घर उतरलं, स्लॅब पडला, लोखंडी कपाट आलं. संदूक विकू नका, एवढंच आजी म्हणाली. दादांनी ती ठेवली, पण चॉकलेटी ऑइलपेंट फासून. ऑइलपेंट हा आमच्याकडचा एक आजारच आहे. दार, खिडकी, देव्हारा, बैलगाडी, जे हलत नाही त्याला आणि हलतं त्यालाही. पुढं ती गच्चीवरच्या खोलीत गेली, तिथं गाद्यांखाली दबून राहिली.

२०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघर जुन्या पेट्या उचकल्या गेल्या. उर्दू आणि मोडी जाणणाऱ्या म्हाताऱ्यांना एकाएकी भाव आला. आमचीही संदूक चौघांनी खाली उतरवली. कागद निघाले, प्लॅस्टिकच्या फाइलीत गेले. रिकामी संदूक परत वर चढवायला मात्र एकही हात पुढं येईना. ती मागच्या दारी राहिली, पेरूच्या झाडाशेजारी. तिथूनच मला सुचलं, हिला बाहेरच ठेवून बागेची पेटी करावी.

सुतारमामा म्हणाले, चपडीचं पॉलिश मारू, आरशासारखी होईल. चपडी म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. बैठकीत ती शोभते. पावसात पांढरे डाग धरते. आणि मला आरसा नकोच होता. ऑइलपेंट आम्ही फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडला. काचेची धार सागावरून चालली की रंगाची सालपटं गुंडाळत निघतात आणि इतक्या वर्षांनीही खालून सागाचा तेलकट वास येतो. तळाची फळी आंब्याची निघाली. ती वाळवीनं पोकळ केली होती, सागाला तोंडही लावलं नव्हतं.

रंग घरीच केला. बाभळीची साल उकळून तिचं पाणी आधी चोळलं. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात मुरत घातले होते, ते पाणी त्यावर फिरवलं. सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. कलमकारीवाले हिरड्यावर हेच करतात. फडकं पुढं जातं तसं मागचं लाकूड डोळ्यांदेखत काळवंडत जातं, रेषा मात्र बुजत नाहीत. वरून जवसाचं उकळलेलं तेल, त्यात चिमूटभर गेरू. ऊन लाकडाचा वरचा थर फोडून त्याला राखाडी करतं. गेरूचे कण ते थोडंफार अडवतात. तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवावीत. पायांखाली शहाबादीचे तुकडे घातले, झाकणाला मागून उतार दिला, तळाला फळीऐवजी जाळी ठोकली.

आता आत खुरपी, कात्री, निंबोळी पेंड आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी असतात. हे सामान सागाच्या संदुकीत ठेवण्याइतकं मोलाचं का, असं पुण्याचा पाहुणा विचारतो. अंबाजोगाईचा विचारत नाही. २०१६ ला धनेगावचं मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच धरणावर आमचंही गाव पितं. इथं पाण्याची नळी उंदरानं कुरतडली तर जीव हळहळतो.

आत्या आली तेव्हा मात्र भडकली. "माझ्या मायची संदूक, अन् तिच्यात पेंड भरलीस?" मी झाकण उघडून दाखवलं. ती वाकली, सवयीनं फळी दाबली, चोरकप्पा सरकला. त्यात मी दोडक्याचं, चवळीचं, अंबाडीचं बी पुड्या बांधून ठेवलेलं. आत्यानं एक पुडी उघडून हुंगली.

"बहात्तरला काय होतं यात, ठाव आहे का? बियाची ज्वारी. आम्ही मिलो खात होतो, अन् मायनं पेरणीपतोर दाणा काढू दिला नाही. मी दोनदा मागितला, दोनदा पाठीत धपाटा खाल्ला."

मग तिनं चवळीची अर्धी पुडी पदराला बांधली, अंबाडीची सगळीच पिशवीत टाकली. जाता जाता कोयंडा हलवून बघितला आणि म्हणाली, "कुलूप घाल याला. मी आले म्हणून बरं, दुसरं कुणी असतं तर?"