पांढरकवड्याचा व्हायकिंग

टिपेश्वरला वाघ बघायला गेलो की आपण पांढरकवड्यात चहा मारतो आणि रविवारी रात्री परत. मीही तेच करणार होतो. पण शनिवारी सकाळीच तिथल्या मित्राचा फोन आला, 'वाघ उद्या पाय बे. आज आंगठी ओतू!'

हा गडी सॉलिड व्हायकिंगवेडा. हजारेक वर्षांपूर्वीच्या त्या दर्यावर्दींचे ब्रूच, अंगठ्या जुन्याच पद्धतीनं ओतून बघायचा छंद युरोपात अनेकांना आहे. आमचा हीरो आठवडाभर लॅपटॉपसमोर बसतो आणि वीकेण्डला परसात भट्टी पेटवतो. त्याच्या भिंतीवर मात्र बुद्धाचा फोटो! स्वीडनच्या हेल्ग्यो बेटावर १९५६ मध्ये सापडलेली ही छोटीशी कांस्यमूर्ती सहाव्या शतकातली, आपल्या उपखंडातून तिथे पोचलेली. त्याच बेटावर ओतकामाच्या साच्यांचे हजारो तुकडेही मिळाले.

असे तुकडे जुळवत तिकडचे हौशी लोक ही विद्या पुन्हा शिकतात. याला पुस्तकावरून काही ते जमेना. शेवटी पैनगंगा ओलांडून हा गेला जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या वोज कारागिरांकडे. गोंडांचे देव, घंटा, दागिने पिढ्यान्‌पिढ्या ओतणारी ही माणसं. एक्झिबिशनमध्ये आपण 'डोक्रा, डोक्रा' करत हाताळतो ना, तेच काम. आदिलाबाद डोक्राला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. म्हणजे तिकडे जे उकरून काढावं लागतं, ते नदीपलीकडे कधी बंदच पडलेलं नाही.

कृती ऐकायला सोपी. मधमाश्यांच्या मेणाची अंगठी करायची, तिला मेणाचीच जाड काडी जोडायची. वर बारीक मातीचे थर. साचा वाळवून तापवला की मेण वितळून जातं आणि काडीच्या जागी धातू ओतायची वाट उरते. वोज पितळ वापरतात. आम्ही घेतलं कासं, म्हणजे ९० टक्के तांबं, १० टक्के कथील. मेण आधीच तोलून ठेवायचं, धातू त्याच्या साधारण नऊ-दहा पट लागतो. साच्यात ओल राहिली तर वाफेनं धातू उसळतो, म्हणून घाई अजिबात नाही. मित्रानं तयार ठेवलेल्या साच्यांत मी वाळलेले दोन निवडले.

मुशीतला नारिंगी रस ओतला, थंड झाल्यावर साचा फोडला. हाती घोड्याची नाल! रस अर्ध्यातच थांबलेला. दुसराही साचा फोडला, पुन्हा नालच. आणि गंमत बघा, साचा फोडावाच लागतो. 'अन्‌डू' नाही.

रविवारी वाघ सोडून आम्ही उशेगाव गाठलं. एका कारागिराच्या अंगणात पितळी मोर होता, तांदळाएवढ्या बारीक नक्षीचा. त्यानं किंमत सांगितली आणि सवयीनं माझ्या तोंडावर आलंच, 'कमी करा ना.' मॉलमध्ये कॉफीचे पैसे देताना हे वाक्य कधी सुचत नाही. खिशातली नाल हाताला लागली आणि मी गप्प बसलो. सांगितले तेवढे पैसे दिले.

मग लाजत लाजत नाल त्याच्यापुढे धरली. त्यानं ती उलटसुलट पाहिली, तुटक्या टोकावर नख ठेवलं आणि गाल फुगवून फुंकर मारून दाखवली. आत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला मी वाटच ठेवली नव्हती.