रिकामं जहाज

चि. मैत्रेयी,


माल नाही, नाणी नाहीत, माणसं तर आधीच उतरून गेलेली. असं टाकून दिलेलं जहाज पाण्याखाली जाऊन कशासाठी मोजायचं, असं तू विचारलंस. मला वाटतं, तू मॅलोज बे नीट समजून घ्यावंस. आमच्या मेरीलँडमध्ये, पोटोमॅक नदीच्या काठी आहे.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या आणि पोलाद पुरत नव्हतं. म्हणून वाफेवर चालणारी हजार लाकडी जहाजं बांधायचं ठरलं. काम घाईचं, लाकूड पुरतं वाळलेलंही नसायचं. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा त्यातली कितीतरी अजून बांधणीतच होती. मग ती कुणालाच नकोशी झाली. १९२२ मध्ये एका भंगार कंपनीने २३३ जहाजं साडेसात लाख डॉलरला घेतली. लोखंड हाती यावं म्हणून ती मॅलोज बेमध्ये पाण्याच्या पातळीपर्यंत जाळायची, अशी पद्धत होती. पुढे मंदीत बेकार झालेल्या आसपासच्या लोकांनी स्वतःच धातू काढून विकला. दुसऱ्या महायुद्धात भंगाराची गरज पडली, तेव्हा बेथलेहेम स्टीलने जहाजं जाळण्यासाठी तिथे कुंडच खोदलं.

वादळात बुडालेलं जहाज एका घटकेपाशी थांबतं. टाकलेल्या जहाजावर मात्र माणसांचे हात पडतच राहतात, आणि प्रत्येक हाताची खूण उरते. जळक्या लाकडाची कड, बोल्ट उपटलेली भोकं, तुटलेल्या फासळ्या. गोदीतल्या घाईपासून मंदीतल्या भुकेपर्यंत सगळं एकाच सांगाड्यावर! मला तर हे सोन्याच्या नाण्यांपेक्षा मोलाचं वाटतं. नाणी श्रीमंतांबद्दल सांगतात. त्या भोकांमागे उपाशी घरं आहेत, आणि त्यांची नोंद दुसरीकडे फारशी सापडत नाही.

इतिहासकार डोनाल्ड शोमेट यांनी चिकाटीने या सांगाड्यांची मोजदाद केली, कागदपत्रांशी ताडून अनेकांची नावं परत मिळवली. आता काही सांगाड्यांत गाळ साठून झाडं वाढली आहेत, मत्स्यगरुड घरटी करतात. २०१९ मध्ये तो परिसर राष्ट्रीय सागरी अभयारण्य झाला.

म्हणून तुमचं जहाज मोजायला उतरशील, तेव्हा बांधणीइतक्याच बारकाईने मोडणीही नोंदव. कुठलं लाकूड करवतीने कापलंय, कुठलं पहारीने उचकटलंय, आधी काय काढलं, नंतर काय. आराखडा झाला की मला पाठव. वाट पाहते.

तुझी,
मावशी